अर्धी छाती

"पाठीचं काय करणार?" दुकानदारानं विचारलं.

मी इकडंतिकडं बघितलं. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला एक बाई मिक्सरचं भांडं उलटंपालटं करून बघत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणारच.

"पाठीचं बघू नंतर," मी आवाज खाली आणून म्हणालो.

"नंतर कसं? छाती, पोट, हात, पाय, सगळं तुमचं तुम्हाला जमेल. पाठीला हात पोचत नाही. पाठीला घरचं माणूस लागतं. लग्न झालंय?"

"ठरतंय."

"मग ठरू द्या आधी," म्हणून तो मोठ्यानं हसला. मिक्सरवाल्या बाईही हसल्या.

सांगलीतलं ते दुकान आता राहिलेलं नाही. त्या काळी पुरुषानं अंगावरचे केस काढायला विजेचं यंत्र घ्यायचं म्हणजे आमच्या भागात नवलाईच होती. त्यानं माझ्यापुढं तीन खोकी मांडली. पहिलं दाढीचं. "हे तुमच्या छातीवर चालवलंत तर गुदमरून मरेल." दुसरं बायकांचं, गुलाबी. "हे तर बघूनच रडेल." तिसरं काळं, मुठीत बसणारं, दोन डोक्यांचं. एक डोकं कंगव्याचं, लांब केस आखूड करायला. दुसरं बारीक जाळीचं. पातं जाळीच्या आत फिरतं, म्हणून कातडीला लागत नाही. भिजलं तरी चालतं, नळाखाली धुता येतं. त्यानं ते सुरू करून माझ्या मनगटावर टेकवलं. नुसती गुणगुण ऐकू आली. उचललं तर तिथं रुपयाएवढी जागा गोरी आणि गुळगुळीत झाली होती. मी त्या जागेवर फुंकर घातली आणि मला ती फुंकर इतकी स्पष्ट जाणवली, की मी तिथंच जरा हरवलो.

"आधी कंगवा, मग जाळी," दुकानदार सांगत होता. "कातडी ताणून धरायची, केसांच्या उलट्या दिशेनं न्यायचं, दाबायचं नाही. आणि पहिल्या वेळी रात्रभर चार्ज करायचं. घाई करू नका."

घाई करू नका, हे मला आईपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी मान हलवली.

मी सन्मती चौगुले. तेव्हा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. मिसरूड फुटायच्या आधी माझ्या छातीवर जंगल उगवलं आणि पोहायच्या घाटावर माझं नाव घोंगडं पडलं. शीतल, माझा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणायचा, "सन्मती उतरला की नदीचं पाणी दोन बोटं कमी होतं. घोंगडं पितंय नव्हं!" मी हसायचो. पोहण्याचा नाद काही सुटला नाही. दर वर्षी संक्रांतीनंतर आमच्याकडं नदीत पोहण्याची शर्यत असायची. मी दर वर्षी उतरायचो आणि दर वर्षी मधेच कुठंतरी यायचो.

त्या वर्षी पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते. घाटावर गप्पा मारताना सहज म्हणाले, "मोठे जलतरणपटू शर्यतीआधी सगळं अंग तासून घेतात. वेग वाढतो तो थोडाच, पण पाणी वेगळं लागतं. पाण्याची ओळख होते."

बाकीच्यांनी वेगाचं ऐकलं, मी ओळखीचं. इतकी वर्षं नदीत पडलो आणि नदीची आपली ओळखच नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना. रसाचे नमुने तपासताना मध्येच मला पाणी दिसायचं. रात्री स्वप्नात मी पोहत असायचो आणि अंग कुठं संपतं, नदी कुठं सुरू होते ते कळायचं नाही. जाग आली की अंगावर चादर जड वाटायची.

आणि याच दिवसांत माझं त्रिशलाशी जमत आलं होतं.

त्रिशला वारणाकाठच्या एका गावात शाळेत शिकवायची. बघण्याचा कार्यक्रम झाला, मग एकदा तिच्या काकांच्या घरी चहाला भेटलो. पोहे द्यायला आली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "तुम्हाला पोहता येतं म्हणे. मग बुडायची भीती वाटते का?" मी म्हणालो, "वाटते. म्हणून तर पोहतो." ती खाली बघून हसली. मला तिथंच ती आवडली. तिच्या घरचे राजी होते, माझ्या घरचे राजी होते. फक्त तिचे अज्जा, म्हणजे आजोबा आदगोंडा पाटील, यांचा होकार यायचा होता. ऐंशी ओलांडलेला तो म्हातारा नदीकाठच्या मळ्यात राहायचा आणि त्या घरात त्याच्या होकाराशिवाय लग्नाचा नारळ फुटत नसे.

यंत्र घेऊन घरी आलो ती शनिवारची दुपार होती. शर्यत पुढच्या रविवारी. चार्जिंगला लावलं आणि संध्याकाळपर्यंत कसाबसा दम धरला. दिवे लागायच्या सुमाराला न्हाणीघरात शिरलोच. कंगव्यानं छाती आखूड करून घेतली. काळे पुंजके फरशीवर पडत होते. मग गरम पाणी घेतलं, जाळीचं डोकं बसवलं, कातडी ताणली आणि उजव्या बाजूनं सुरुवात केली. गळ्याखालून बरगडीपर्यंत रस्ता उघडत गेला. जाळी भरली की धुवायचो, परत लावायचो. उजवी बाजू संपली. तिच्यावरून पाण्याचा एक थेंब खाली गेला, तो कुठून कुठं गेला ते मी डोळे मिटून सांगू शकत होतो.

मग डावीकडं वळलो. यंत्र एकदा कण्हलं आणि गप्प झालं.

वायर लावून ते चालत नव्हतं, चार्जच व्हायला हवं होतं. ओल्या अंगानं बाहेर येऊन बटण दाबलं आणि दिवे गेले. भारनियमन! आता उजेड एकदम सकाळी.

मेणबत्ती लावली तेवढ्यात मोबाइल वाजला. त्रिशला होती.

"उद्या सकाळी अज्जा तुम्हाला नदीवर बोलावतायत," ती म्हणाली. "अंघोळीला. एक गोष्ट सांगायची होती. हसू नका. अज्जा अंघोळीच्या निमित्तानं मुलाची छाती बघतात."

"छाती?"

"छातीवर केस नसलेला माणूस दगा देतो, असं मानतात ना आपल्याकडं? अख्ख्या गावाला माहीत आहे. आधीची दोन स्थळं नदीवरूनच परत गेली. तुमची काही काळजी नाही म्हणा," ती हसली. "शर्टाच्या गळ्यातून दिसत होतं मला."

मी छातीकडं बघितलं. मेणबत्तीच्या उजेडात माझी उजवी बाजू चकाकत होती.

"काय झालं?"

मी सांगितलं.

"किती काढलेत?"

"निम्मी छाती."

मग ती हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज बदलला. "सन्मती," ती म्हणाली. माझं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं. "काहीही करा. मला परत दुसऱ्या कुणासमोर पोह्यांची बशी घेऊन जायचं नाही."

फोन ठेवल्यावर छातीवर हात ठेवून मी बसून राहिलो. घरात साधा वस्तरा होता, उरलेली बाजू काढता आली असती. पण मग छाती साफच उघडी पडली असती. निम्मी तर निम्मी, आहे ती राखलेली बरी.

शीतल आला. त्यानं मेणबत्ती जवळ धरून बघितलं आणि भिंतीला टेकून हसत खाली बसला. "अरे, केशलोच करणारे मुनिमहाराज हातानं केस उपटतात, तरी निम्म्यात थांबत नाहीत!" मग त्याची ट्यूब पेटली. "नागीण सांग, लेका. नागीण एकाच अंगाला उठते. डॉक्टरांनी केस काढायला लावले म्हण. कोण तपासायला येतंय?"

नागीण म्हणजे अंगाला वेढा घालत जाणारे फोड. तिची दोन तोंडं जुळली की माणूस जातो, असं आमच्याकडं जुनी माणसं मानतात. थाप इतकी बेतशीर होती, की शिंप्यानं मापं घेऊन शिवल्यासारखी माझ्या छातीवर बसली. मी ती घोकत घोकत झोपलो.

सकाळी मोटरसायकलवरून निघालो. मळ्यात वीज असली तर असू दे म्हणून यंत्र आणि वायर पिशवीत टाकली होती. उसाच्या फडांवर धुकं उतरलं होतं. कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं आणि थंड हवेत काकवीचा वास तरंगत होता. वारणेवर पोचलो तर नदीच दिसेना. पाण्यातून वाफ निघत होती आणि त्या वाफेत अज्जा उभे होते. पांढरं धोतर, उघडं अंग, छातीवर कापूस.

"या पावणं," ते म्हणाले. "जय जिनेंद्र. थंडी हाय, पर पाणी ऊन हाय."

काठाच्या दगडावर एक बाई धुणं धूत होत्या. कपाळ मोकळं, कुंकू नाही. पदर कमरेला खोचलेला. "आमची पद्मा," अज्जा म्हणाले. "तिरशलाची आत्या." मी हात जोडले. त्यांनी मान हलवली आणि परत धुणं आपटायला लागल्या.

मी शर्ट काढला. बनियन अंगावर ठेवून पाण्याकडं चालू लागलो.

"आरं, बनियनला अंघोळ घालायची हाय का अंगाला?"

मग बनियन काढलं.

अज्जा बघत राहिले. धुण्याचा आवाज थांबला. वाफ माझ्या उजव्या बाजूला लागत होती, डावीला नाही.

"हे काय रं पोरा?" अज्जा जवळ आले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "नागीण उठली हुती काय?"

मी नुसती मान हलवायची, की झालं. थाप त्यांनीच माझ्या तोंडात ठेवली होती. मी मान हलवणारही होतो. पण त्यांनी हात पुढं केला. खरबरीत, थरथरता हात माझ्या बरगडीपाशी येऊन थांबला, दुखेल म्हणून टेकला नाही. "तोंडं तर जुळली न्हाईत न्हवं? आँ? डाक्तरला दावलंस का?" त्या डोळ्यांत माझ्यासाठी भीती होती. काल ज्याला मी ओळखत नव्हतो असा माणूस माझ्या जिवाला घाबरला होता.

"नागीण नाही, अज्जा," मी म्हणालो. "मशिनीनं काढलेत. माझे मीच."

"कशापायी?"

"नदीसाठी."

मी सांगत सुटलो. पाण्याची ओळख, स्वप्न, दुकान, चार्जिंगची घाई, गेलेले दिवे. "कालच कळलं की तुम्ही छाती बघता. नागीण सांगायचं ठरवूनच आलो होतो. सगळं पाठ होतं. आणि ही डावी बाजूसुद्धा राहणार नाही, अज्जा. आज वीज मिळाली तर आजच काढणार. तुम्ही नाही म्हणालात तर... तर मला फार वाईट वाटेल. त्रिशला मला फार आवडते."

एवढं उघडं मी आजवर कुणाशी बोललो नव्हतो. कदाचित उघड्या अंगामुळे असेल.

अज्जांनी काठाकडं तोंड केलं. "पद्मे, ऐकलंस का?"

"ऐकतेय," आत्या म्हणाल्या आणि धुणं परत सुरू झालं.

"काळजाच्या बाजूचं तेवढं राखलंस म्हणायचं," अज्जा माझ्याकडं बघून पुटपुटले. हसले की नाही ते वाफेत कळलं नाही. "चल, उतर."

आम्ही पाण्यात उतरलो. त्या पोहण्याचं काय सांगू? डावी बाजू रोजच्यासारखी पांघरुणात होती. उजवीला मात्र नदी थेट लागत होती. वरचं पाणी कोमट, हातभर खाली गार, मधूनच एखादी बारीक धार बरगडीवरून बोट फिरवून जायची. जवळून मासा गेला तो मला डोळ्यांनी दिसायच्या आधी कातडीला कळला. धुक्यात काठ दिसत नव्हता. अज्जा शेजारी उताणे पडले होते, हात पसरून. पाणी त्यांना स्वतःहून धरून ठेवत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. लग्न, होकार, नकार, सगळं काठावर कपड्यांसोबत राहिलं होतं.

बाहेर आलो तेव्हा धुकं विरळ झालं होतं आणि वरच्या पंपघरातली मोटार घरघरत होती. मळ्याची वीज आली होती. अज्जांनीच यंत्र मागून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि पंपघरातल्या बोर्डाला लावून आले. आम्ही उन्हाला बसलो. खाली आत्यांचं धुणं चालूच होतं.

"माझ्या पद्मीचा नवरा," अज्जा हळू बोलायला लागले, "त्याला मी हितंच आणलावता. ह्याच दगडावर. काळीभोर छाती. मांजराचं पिल्लू हरवंल अशी. मी घरला जाऊन सांगितलं, डोळं झाकून पोरगी द्या."

पाण्यावरून एक बगळा गेला.

"वरीस बी झालं न्हवतं. गेला तो गेला. दुसरा संसार मांडला म्हणत्यात, कुठं ते ठावं न्हाई. पोरगी माघारी आली. मला येका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं."

"मग तुम्ही अजून छाती का बघता?"

"मी कुठं बघतो? गाव म्हणतंय. म्हणू दे." त्यांनी खाली दगडाकडं बोट केलं. "मी फकस्त इचारतो. ती ऐकती. धुणं धुणाऱ्या बाईकडं कोण बघतंय? पोरं घरात येक बोलत्यात, हितं अंगावर कापड नसलं की दुसरंच बोलत्यात. मी येकदा चुकलो आणि भोगलं तिनं. आता ह्या घरचा जावई तीच ठरवती."

त्या आवाजाकडं, कपड्यांच्या त्या आपटण्याकडं, मी सकाळपासून नीट लक्षही दिलं नव्हतं. आता कान तिकडंच लागले. आत्यांनी वर बघितलं नाही.

यंत्र भरल्यावर मी काठावर बसून डावी बाजू काढली. या वेळी घाई केली नाही. अज्जा शाळेतल्या पोरासारखे जवळ बसून बघत होते. "दुखत न्हाई? अजिबात? येडं मशीन हाय." केस वाऱ्यावर उडून गेले. छाती संपली, पोट संपलं, हात संपले. यंत्र बंद केलं. माझं काम झालं होतं आणि माझ्या नशिबाचं अजून काही कळलं नव्हतं. त्रिशला घरी दाराशी उभी असेल, असं वाटत होतं.

आत्या धुणं पिळत होत्या. पिळता पिळता त्यांनी माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच सरळ.

"पाठ ऱ्हायली की वो त्यांची," त्या म्हणाल्या.

"पाठीला हात पोचत नाही," मी म्हणालो. दुकानदाराचं वाक्य आपोआप तोंडात आलं. "पाठीला घरचं माणूस लागतं."

अज्जांनी आत्यांकडं बघितलं. मीही बघितलं. आत्यांनी लुगड्याचा पिळा झटकला, दगडावर ठेवला, दुसरा उचलला.

"मग अप्पा," त्या वडिलांकडं बघून म्हणाल्या, "बसलाय काय बघत? करा की तुम्ही."

अज्जांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं. तो थरथरता हात माझ्या पाठीवर सपाट टेकला, या वेळी न घाबरता, आणि गुणगुण सुरू झाली. त्यांनी मध्येमध्ये पट्टे सोडले ते नंतर त्रिशलानं मला दाखवले. पुढच्या रविवारच्या शर्यतीत मी शेवटून दुसरा आलो. नदीची ओळख काढत बसल्यावर दुसरं काय होणार! त्रिशला घाटावर उभी राहून हसत होती. गेली अनेक वर्षं संक्रांत झाली की ती ते यंत्र काढते आणि म्हणते, "वळा."

पण त्या सकाळी पाठ झाल्यावर मी धावत जाऊन परत पाण्यात उडी मारली. नदी मला सगळीकडून लागली, एकदम, काही न सोडता. धुकं गेलं होतं, पाणी उन्हानं भरलं होतं. मी हात मारत निघालो आणि निघालोच. कुठं थांबायचं ते आठवत नव्हतं.

मागून आत्यांचा आवाज आला. पाण्यावरून तो बारीक होऊन आला, पण स्पष्ट आला.

"जावईबापू, लई लांब जाऊ नगासा!"

मी तिथूनच वळलो.